कादंबरी हाती ठेवणारी माणसे

मराठी कादंबरीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी सांगितला जातो. एक अंग लेखकाचे आणि दुसरे समीक्षकाचे. कोणी काय लिहिले आणि जाणकारांनी त्याला काय म्हटले, एवढे नोंदले की इतिहास पुरा झाला असे आपण मानतो. परंतु लेखकाच्या मेजापासून वाचकाच्या उशापर्यंत पुस्तक आपल्या पायांनी चालत येत नाही. ते कोणीतरी आणून द्यावे लागते. नुसते आणून देऊनही भागत नाही. ‘हे वाचा’ असे कोणीतरी म्हणावे लागते. हे म्हणणारा माणूस पुष्कळदा ग्रंथविक्रेता असतो. स्वतः वाचणारा, स्वतःच्या तुटपुंज्या भांडवलावर दुकान मांडणारा, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराविना उभा असलेला असा हा विक्रेता. त्याच्या शब्दावर घेतलेली कादंबरी गिऱ्हाइकाला रुचली नाही, तर ते गिऱ्हाईक पुन्हा त्याच्या पायरीवर येत नाही. म्हणून त्याची शिफारस हीच त्याची पत असते.

ह्या माणसाची कहाणी आम्ही येथे मांडू इच्छितो. ती मुंबई-पुण्याच्या बाजूने पुष्कळदा सांगून झाली आहे. आम्ही ती खानदेशच्या पूर्व टोकाकडून, मुक्ताईनगरच्या बाजूने पाहणार आहोत. दुकान हाकेच्या अंतरावर असते तेथे त्याचे मोल कोणाला फारसे जाणवत नाही. ते लांब असते तेथे जाणवते.

दोन लोहमार्गांच्या बेचक्यात

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. जवळच कोथळी आणि मेहूण येथे संत मुक्ताबाईंची स्थाने आहेत आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. आषाढीला येथून निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभराहून अधिक काळ चालत पंढरपूर गाठते. म्हणजे माणसांची आणि शब्दांची ये-जा ह्या भूमीला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. ग्रंथांची ये-जा मात्र वेगळ्या वाटांनी झाली आणि त्या वाटा आखण्यात रेल्वेचा मोठा हात होता.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळला फुटतो. एक रूळ वऱ्हाडातून नागपूरकडे गेला. तो १८६७ साली नागपूरला पोहोचला. दुसरा सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा असा उत्तरेकडे वळला आणि १८७० साली त्या वाटेने मुंबई व कलकत्ता जोडले गेले. नकाशा उघडून पाहिल्यास मुक्ताईनगर ह्या दोन रुळांच्या बेचक्यात पडलेले दिसते. गाडीची शिट्टी दोन्ही बाजूंना, गावात स्थानक नाही.

ही गोष्ट वाचनाच्या इतिहासात क्षुल्लक नाही. १८७७ साली अलाहाबादेत ए. एच. व्हीलर ही पुस्तकविक्रीची पेढी सुरू झाली आणि पुढे फलाटाफलाटावर तिचे ठेले उभे राहिले. १८८८ साली ह्याच पेढीने रुड्यार्ड किपलिंग ह्या तरुण लेखकाच्या कथांची पुस्तके रेल्वेच्या प्रवाशांसाठी स्वस्त मालिकेत काढली आणि त्याचे नाव प्रवाशांच्या हातून दूरवर गेले. फलाटावरचा पुस्तकवाला ही त्या काळातील मोठीच शक्ती होती. ज्या गावाला फलाटच नव्हता त्या गावाला ही शक्ती लाभली नाही. तेथे कादंबरी पोहोचायची ती तीन वाटांनी: यात्रेतील फेरीवाल्याच्या गाठोड्यातून, टपालवाल्याच्या थैलीतून, आणि शिकायला बाहेर गेलेल्या मुलाच्या किंवा बदलून आलेल्या मास्तरांच्या पेटीतून.

पहिली कादंबरी आणि तिचे फेरीवाले

ह्यांपैकी पहिली वाट आपल्या ख्रिस्ती वाचकांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिला मान मिळतो ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी. ते मूळचे बेळगावचे. मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु मराठी वाङ्मयाचा विचार करताना पंथाची भिंत मध्ये आणण्याचे कारण नाही. यमुना आणि तिचा पती विनायक ह्यांचा प्रवास, वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या करुण कथा, पुढे स्वतः यमुनेवर येणारे वैधव्य आणि तिचा पुनर्विवाह असे ह्या ग्रंथाचे कथानक आहे. आजच्या कसोटीने त्यात उपदेशाचा भाग जास्त आहे. तरीही देवादिकांच्या किंवा राजपुत्रांच्या गोष्टी बाजूला ठेवून, आपल्या घरातील डोके झाकलेल्या बाईचे दुःख गद्यात सांगावे असे मराठीत प्रथम कोणाला सुचले, ह्याचे उत्तर ह्या पुस्तकात आहे.

तेव्हा आजच्या अर्थाने ‘कादंबरी’ असा वाचनप्रकार मराठी माणसाला ठाऊक नव्हता. हा शब्दही बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाच्या नावावरून आपण उचलला. ज्या वस्तूचे नावच ठरलेले नाही ती दुकानात जाऊन मागायची कशी? म्हणूनच ख्रिस्ती मंडळ्यांच्या फेरीवाल्यांचे महत्त्व फार आहे. मुंबईत १८२७ साली ‘बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी’ स्थापन झाली होती. अशा संस्थांची पुस्तके पाठीवर घेऊन फेरीवाले गावोगाव, बाजाराच्या दिवशी आणि यात्रांतून हिंडत. त्यांच्याकडे धार्मिक पत्रके असत, शुभवर्तमाने असत आणि गोष्टींची पुस्तकेही असत. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पण ज्याला अक्षर लावता येते अशा माणसापुढे पुस्तक उघडून धरणे, त्यातला थोडा भाग वाचून दाखवणे, आणि ‘पुढे काय झाले ते घरी जाऊन वाचा’ असे सांगून त्याच्या हाती ते ठेवणे, ही कला मराठी मुलुखाला ह्या मंडळींनी दाखवली. पुढच्या काळात भल्या ग्रंथविक्रेत्याने जे केले तेच हे. फरक एवढाच की, त्याच्या पाठीवर मिशन नव्हते.

टपालाच्या थैलीतून

दुसरी वाट टपालाची. हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही आपली कादंबरी त्यात क्रमशः दिली. आठवड्याचा अंक टपालाने येई, घरातील वाचता येणारे माणूस तो मोठ्याने वाची आणि बाकीची मंडळी भोवती बसून ऐकत. यमूचे हाल ऐकताना किती घरांतील स्त्रियांनी पदराने डोळे टिपले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. येथे संपादक हाच शिफारस करणारा होता. तो प्रत्येक आठवड्याला वाचकाच्या दारात येत असल्यामुळे त्याच्यावर भरवसा बसलेला असे.

आपल्या कॅथलिक घरांतही असा टपालाचा ऋणानुबंध जुना आहे. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ ह्या खेड्यात ‘निरोप्या’ सुरू केला. मोठ्या शहरात मासिक काढून ते खेड्यात पाठवायचे, हा रिवाज त्यांनी उलटा केला. नियतकालिक खेड्यात जन्माला आले आणि खेडोपाडी गेले. ज्या घरात दुसरे कोणतेही छापील पान येत नव्हते तेथेही ते आले. वाचनाची सवय लागली ती अशी.

टपालाने मागवायचे पुस्तक मात्र कोणते, हे आधी कळायला हवे. व्ही. पी. ने पुस्तक मागवणाऱ्या आडगावच्या वाचकाला दुकानात उभे राहून पाने चाळता येत नसत. त्याला हवा होता दुकानदाराचा शब्द, आणि तोही छापून घरी येणारा. ती सोय व्हायला १९६४ साल उजाडावे लागले. ती केली गिरगावातील एका पुस्तकवाल्याने.

गिरगावातील पुस्तकवाला

मुंबईच्या गिरगावात मॅजेस्टिक नावाचे चित्रपटगृह होते. १९३१ च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट येथेच झळकला. ह्या चित्रपटगृहाजवळ १९४० च्या दशकात केशवराव कोठावळे ह्यांनी जुन्या पुस्तकांच्या विक्रीपासून आपला व्यवसाय आरंभला. दुकानाचे नावही ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’ असेच पडले. मोठी पदवी नाही, घरचे भांडवल नाही. पण कोणते पुस्तक कोणाला द्यावे ह्याची जाण अशी की, पुढे त्याच दुकानातून ‘मॅजेस्टिक प्रकाशन’ उभे राहिले आणि मराठीतील नामवंत लेखक तेथे गप्पांना जमू लागले.

जानेवारी १९६४ मध्ये कोठावळ्यांनी ‘ललित’ हे मासिक सुरू केले. मासिक पुस्तकांविषयीचे, काढणारा पुस्तकविक्रेता. त्यात नव्या पुस्तकांच्या याद्या असत, लेखकांविषयी मजकूर असे आणि शेलक्या ग्रंथांची ‘चोखंदळ वाचकांची निवड’ असे. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ ह्या नावाने त्यात सदर लिहीत आणि वसंत सरवटे त्या ठणठणपाळाचे चित्र काढीत. लेखकाला, प्रकाशकाला, प्रसंगी आपल्याच मालकालाही टोपी उडवून दाखवणारे हे सदर लोक आधी उघडत. ह्या थट्टेचे महत्त्व आम्हांला वाटते ते असे: जो आपल्या मालाची थट्टा आपल्याच दुकानात होऊ देतो, त्याची स्तुतीही खरी वाटते.

‘ललित’ने तालुक्याच्या गावी असलेल्या वाचनालयाच्या चिटणिसाला आणि शाळेच्या ग्रंथपालाला गिरगावच्या दुकानात आणून उभे केले. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळू लागला. पैसे आले म्हणजे निवडीचा प्रश्न येतो. तो प्रश्न सोडवायला अशी नियतकालिके उपयोगी पडली. पुढे पुण्याच्या रसिक साहित्यने ‘साहित्य सूची’ काढली, मेहता प्रकाशनाने ‘मेहता मराठी ग्रंथजगत’ काढले, ‘ग्रंथाली’ ह्या वाचक चळवळीने ‘रुची’ काढली आणि आपली पुस्तके प्रदर्शनांच्या रूपाने गावोगाव नेली.

कोठावळे मराठी पुस्तकांत होते तसे इंग्रजी पुस्तकांत टी. एन. शानभाग. त्यांनी १९४८ साली मुंबईच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका कोपऱ्यात पुस्तके मांडली. त्यांचा ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ पुढे फोर्ट भागात देशभर नावाजला गेला आणि २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांनीही आरंभ चित्रपटगृहाच्या सावलीत केला हा योगायोग आम्हांला मोठा सूचक वाटतो. करमणुकीसाठी निघालेल्या माणसाला वाटेत गाठून त्यांनी त्याचा वाचक केला.

तापीपलीकडची कादंबरी

आता पुन्हा खानदेशात येऊ. मुक्ताईनगरहून तापी ओलांडली की पश्चिमेला यावल तालुका लागतो. त्या तालुक्यातील सांगवी हे भालचंद्र नेमाडे ह्यांचे गाव. पुण्याचे प्रकाशक रा. ज. देशमुख ह्यांनी ह्या पंचविशीतील तरुणाकडे कादंबरीचा आग्रह धरला. नेमाडे गावी परतले, त्यांनी थोड्याच दिवसांत एकटाकी लेखन केले आणि १९६३ साली देशमुख आणि कंपनीने ‘कोसला’ प्रसिद्ध केली. खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला, तेथे न रमलेला, हरून घरी परतलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा नायक. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पाने ज्याने वाचली आहेत त्याला ती विसरता येत नाहीत.

हेच देशमुख वि. स. खांडेकरांचे प्रकाशक. ‘ययाति’ १९५९ साली त्यांनीच काढली होती. नावाजलेल्या लेखकाच्या भरजरी शैलीवर ज्याची पेढी चालली होती, त्या माणसाने एका अनोळखी पोराच्या मोडक्यातोडक्या वाटणाऱ्या, बोलीत बोलणाऱ्या, जुन्या रीतीला धक्का देणाऱ्या कादंबरीवर पैसे लावले. शिफारस ह्या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच. खपणाऱ्याची शिफारस कोणीही करतो. न खपणाऱ्याची करायला छाती लागते. पुढे नेमाड्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. खांडेकरांना तो १९७४ साली मिळाला होता. एकाच पेढीने दोन टोकांचे दोन लेखक ओळखले होते.

परंतु ह्या अभिमानाच्या गोष्टीत खानदेशासाठी एक सलही आहे. कादंबरी सांगवीत लिहिली गेली, तिचे जग तापीकाठचे, तिची बोली आपल्या अंगणातली. तरी ती पुण्याला जाऊन छापली गेली आणि मग पुस्तक होऊन परत आली. आपल्याच शेतातला कापूस दूरच्या गिरणीत जाऊन कापड होऊन परत यावा तसे हे झाले. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगितल्या, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली, आणि ती घरोघर गेली ती मुख्यतः शिक्षकांच्या तोंडून. खानदेशात सांगणारी माणसे होती, लिहिणारी होती, ऐकणारी तर होतीच. ह्या तिघांना जोडणारी, पुस्तकावर पोट असलेली आणि पुस्तकावर प्रेमही असलेली माणसे मात्र मोठ्या शहरांतच जास्त झाली.

डोंगरातील ठेलेवाले

असे सर्वत्रच घडते का, हे पाहण्यासाठी इटलीतील एका डोंगराळ भागाकडे वळू. तस्कनीच्या उत्तर टोकाला लुनिजाना नावाचा प्रदेश आहे. तेथील पोंत्रेमोली हे लहान गाव आणि जवळचे मोंतेरेज्जो हे त्याहून लहान खेडे. जमीन नापीक, पोटाला पुरेसे नाही. म्हणून तेथील शेतकरी पाठीवर टोपली बांधून मुलूखभर फिरू लागले. टोपलीत आरंभी संतांची चित्रे आणि पंचांगे असत, मग पुस्तके आली. ह्यांतल्या कित्येकांचे शिक्षण बेताचे. तरी कोणत्या गावी काय वाचले जाते, कोणत्या पुस्तकावर वाचक थांबतो, हे त्यांना मोठ्या शहरांतील प्रकाशकांहून अधिक कळे. पुढे ह्याच कुळांतील लोकांनी इटलीच्या शहराशहरांत पुस्तकांचे ठेले आणि दुकाने काढली.

१९५३ सालापासून पोंत्रेमोली येथे ‘बांकारेल्ला’ नावाचा पुरस्कार दिला जातो. बांकारेल्ला म्हणजे रस्त्यावरचा ठेला. पुरस्कार कोणाला द्यायचा हे प्राध्यापक किंवा समीक्षक ठरवीत नाहीत, पुस्तकविक्रेते मत देऊन ठरवतात. पहिला पुरस्कार अर्नेस्ट हेमिंग्वे ह्यांच्या ‘म्हातारा आणि समुद्र’ ह्या छोट्या कादंबरीला मिळाला. हेमिंग्वेंना नोबेल मिळाले ते त्यानंतर, १९५४ साली. १९५८ चा पुरस्कार बोरिस पास्तरनाक ह्यांच्या ‘डॉक्टर झिवागो’ला मिळाला, आणि त्याच वर्षी नोबेलही पास्तरनाक ह्यांना जाहीर झाले. आपल्या वाचकांना गंमत वाटेल ती ही की, दुसऱ्या वर्षीचा, १९५४ चा मान जोव्हान्नीनो ग्वारेस्की ह्यांच्या दोन कामिल्लोच्या पुस्तकाला मिळाला. दोन कामिल्लो म्हणजे इटलीतील एका खेड्याचा तापट पण मायाळू धर्मगुरू. गावच्या साम्यवादी महापौराशी तो भांडतो आणि चर्चमधील क्रुसावरच्या प्रभूशी गप्पा मारतो. पंडितांनी अशा पुस्तकाकडे कदाचित भुवया उंचावून पाहिले असते. ठेलेवाल्यांना ठाऊक होते की, घरोघरी लोक ते वाचून हसत आहेत आणि हसता हसता गप्प होत आहेत.

पुस्तकविक्रेत्यांच्या निवडीला असा मान इतरत्रही आहे. अमेरिकेत १९३६ साली राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार सुरू झाले ते विक्रेत्यांच्याच संघटनेने, आणि दुर्लक्षित राहिलेल्या एका पुस्तकाला ‘विक्रेत्यांचा शोध’ म्हणून त्यांत वेगळे स्थान होते. फ्रान्समध्ये १९५५ पासून विक्रेते कादंबरीला पुरस्कार देतात. जपानमध्ये दुकानांतील नोकरवर्ग २००४ पासून देतो. मराठीत विक्रेत्यांनी मासिके काढली, लेखक घडवले, प्रदर्शने भरवली. त्यांच्या मताला मान देण्याची पाळी आता वाचकांची आहे.

शब्द आणि सवलत

ह्या सगळ्या व्यवहारामागे एक साधे गणित आहे आणि ते समजल्यावाचून आजची स्थिती कळत नाही. विक्रेत्याला पुस्तकाच्या छापील किमतीवर प्रकाशक कमिशन देतो. त्यातून जागेचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार आणि स्वतःचे घर चालवायचे. खपाऊ पुस्तक आठवड्यात निघून जाते. पण वाचणारा विक्रेता त्याच्या शेजारी एखादी कादंबरी महिनोन् महिने ठेवतो, कारण तिचा वाचक कधीतरी येईल असा त्याचा विश्वास असतो. ज्या दिवशी दुसरा कोणी खपाऊ पुस्तकावर भरमसाट सवलत देतो, त्या दिवशी खपाऊ पुस्तकाचे गिऱ्हाईक तिकडे वळते आणि त्या कमाईवर तग धरून असलेली ती शेजारची कादंबरीही फळीवरून उतरते. फ्रान्सने हा धोका ओळखला. १९८१ च्या ऑगस्टमध्ये तेथे कायदा झाला आणि छापील किमतीवर पाच टक्क्यांहून अधिक सवलत देण्यास मनाई आली. लहान दुकाने त्या कायद्याच्या आडोशाने तगली. आपल्या देशात असा कायदा नाही.

परिणाम दिसतच आहे. सत्तर वर्षे चाललेला स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झाला. संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर पुस्तके मागवता येतात आणि मुक्ताईनगरच्या वाचकाला ही सोय मोठीच आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्या गावाला फलाट मिळाला नाही त्याच्या दारात आज मुंबईचे पुस्तक येते. पण तेथे शिफारस करतो तो यंत्राचा हिशेब. लोकांनी आधी काय घेतले ते पाहून तो पुढच्याला तेच दाखवतो. दहा हजारांनी घेतलेले अकराव्या हजाराला मिळते; दहा जणांनी जिवाभावाने वाचलेले अकराव्यापर्यंत पोहोचत नाही. ह्या हिशेबाने १९६३ साली ‘कोसला’ कोणाच्या हाती पडली असती, असे आम्हांला वाटत नाही. टपालाची वाटही अरुंद होत आहे. पुस्तकांसाठी असलेली स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्टची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर विसंबून असलेल्या लहान प्रकाशक-विक्रेत्यांची ओढाताण झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली आहे.

माणसाला माणूस लागतो तो येथे. जाणता विक्रेता गिऱ्हाइकाकडे पाहतो आणि मग फळीकडे वळतो. पुण्याच्या वसतिगृहातून खचून परत आलेल्या मुलाला तो ‘कोसला’ देईल. नवऱ्याच्या दुखण्यात, दारिद्र्याशी झगडत पोरे वाढवणाऱ्या बाईच्या घरी तो उद्धव शेळके ह्यांची १९६० सालची ‘धग’ पाठवील. त्यातली कौतिक तिला आपल्या शेजारची वाटेल. मुंबईच्या झोपडपट्टीत सेवेला जाणाऱ्या धर्मभगिनीला तो जयवंत दळवींची ‘चक्र’ सुचवील. एकच पुस्तक सर्वांना, हा बाजाराचा नियम झाला. ज्याचे त्याला, हा विक्रेत्याचा.

आपल्या पदरी काय

खानदेशातील कॅथलिक घरे संख्येने थोडी आणि विखुरलेली आहेत. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी काही, जळगाव-धुळ्यास काही, आदिवासी पाड्यांवर काही. आपली मुले इंग्रजी शाळांत जातात, घरी मराठी बोलतात, आणि मराठी कादंबरी मात्र त्यांच्या हाती क्वचित पडते. दहावीच्या पुस्तकातील धड्यानंतर मराठी वाचन संपले, असे पुष्कळ घरांत होते. ह्यात मुलांचा दोष आम्ही मानीत नाही. त्यांच्यापुढे पुस्तक उघडून धरणारे कोणी नाही.

गोष्ट साधी वाटली तरी तिच्यावर बरेच अवलंबून आहे. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ देऊन आपल्याला मराठीत स्थान मिळवून दिले. पहिली कादंबरी एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हा सारा वारसा सांगताना आपली छाती फुगते. परंतु वारसा वाचला गेला नाही तर तो नुसता पेटाऱ्यातला दागिना. ‘यमुनापर्यटन’चे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. ते पुस्तक घरात किती जणांच्या आहे, ह्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या फळीकडे पाहून द्यावे.

ग्रंथाचे दुकान काढणे प्रत्येक गावाला परवडणार नाही. पण दुकानदाराचे काम करायला दुकानच लागते असे नाही, हे मिशनच्या फेरीवाल्यांनी आणि पोंत्रेमोलीच्या टोपलीवाल्यांनी दाखवून दिले आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक मेज, त्यावर जळगाव-नाशिकच्या एखाद्या छोट्या विक्रेत्याकडून आणलेली दहा पुस्तके, आणि मेजामागे ती दहाही वाचलेला एक माणूस. एवढे प्रत्येक धर्मग्रामाला जमण्यासारखे आहे. पुस्तके त्या विक्रेत्याच्या छापील किमतीने घ्यावीत. चार रुपयांच्या सवलतीसाठी त्याला टाळू नये. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोक दूरदूरहून येतात. मेणबत्त्या, माळा आणि तसबिरींच्या शेजारी तेथे मराठी कादंबऱ्यांचा एक ठेला का असू नये? लुनिजानातील शेतकऱ्यांनीही आरंभ संतांच्या चित्रांपासूनच केला होता.

आमच्या ह्या त्रैमासिकाच्या वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. येत्या नाताळापर्यंत प्रत्येकाने एक मराठी कादंबरी स्वतः वाचावी आणि ती आपल्या घराबाहेरच्या एका माणसाच्या हाती ठेवावी. देताना ती त्यालाच का दिली हे दोन वाक्यांत सांगावे. आवडली नाही असे त्याने सांगितले तर रागावू नये, दुसरी द्यावी. चांगले विक्रेते असेच शिकत गेले.